बर्फातील कोंबड्या आणि खुराड्यातील ओल

प्रश्न : माझी लेक कॅनडात, दक्षिण ऑन्टारियोतील एका खेड्यात राहते. तिने घरामागे सहा कोंबड्या पाळल्या आहेत. तेथे जानेवारीत पारा कधीकधी उणे २० अंशांपर्यंत उतरतो. यंदा खुराड्याच्या सगळ्या फटी प्लास्टिकने बुजवून आत उष्णतेचा दिवा टांगण्याचा तिचा विचार आहे. हे योग्य होईल का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : दोन्ही गोष्टी करू नकोस, असे तिला आजच कळवा. कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश सेल्सियस असते. पिसे फुलवून ती त्यांत ऊबदार हवा धरून ठेवते, आणि दांडीवर अंगाला अंग लावून बसलेल्या धडधाकट कोंबड्या कोरड्या जागेत कडाक्याची रात्रही काढतात. त्यांना बाधते ती ओल. श्वासातून आणि विष्ठेतून रात्रभर निघणाऱ्या वाफेला बाहेर जायला वाट मिळाली नाही, तर दमट, गोठत्या हवेत तुऱ्याला आणि चोचीखाली लोंबणाऱ्या लाल कातडीला हिमदंश होतो.

ओलीची ही गोष्ट आपल्याकडच्या पावसाळ्यातही अनुभवास येते. माझ्या लहानपणी वसईला आमच्या परसात कोंबड्या होत्या. एका जुलैत पावसाची झड आत येऊ नये म्हणून आम्ही खुराडे चोहोबाजूंनी ताडपत्रीने बांधले, आणि चौथ्या दिवशी दार उघडताच अमोनियाने डोळ्यांतून पाणी आले. खालच्या तुसाचा चिखल झाला होता आणि दोन तलंगा (तरण्या कोंबड्या) पंख पाडून कोपऱ्यात बसल्या होत्या. ते दृश्य मी अजून विसरलेलो नाही, म्हणूनच इतक्या आग्रहाने सांगतो.

तेव्हा बसण्याच्या दांडीपेक्षा बऱ्याच उंचीवर, छपराच्या कडेला जाळी लावलेले झरोके थंडीभर उघडे ठेवावेत. मात्र वारा थेट कोंबड्यांच्या अंगावर येता कामा नये. खाली कोरड्या भुशाची किमान १५ सेंटिमीटर जाड गादी घालावी. तिची पारख सोपी आहे : मूठभर भुसा दाबून पाहावा, गोळा झाला तर तो बदलावा. पहाटे काचेवर आतून थेंब दिसले, तर झरोके अपुरे आहेत. दांडी गोल नसावी, रुंद आणि चपटी असावी, म्हणजे कोंबडी खाली बसली की बोटे पोटाच्या पिसांखाली झाकली जातात.

दिवा पडून भुसा पेटल्याने खुराडी जळतात; शिवाय दिव्याच्या उबेला सरावलेल्या कोंबड्यांना ऐन थंडीत वीज गेल्यास एकदम गारठा सोसत नाही.

पाण्याकडे मात्र रोज लक्ष हवे, कारण पाणी गोठले की कोंबडी दाणाही कमी खाते. रबरी भांडे उलटे करून ठोकले की बर्फ सुटतो. त्यात दिवसातून दोन-तीनदा कोमट पाणी भरावे. नेहमीच्या खाद्याखेरीज संध्याकाळी थोडा मका द्यावा. डिसेंबरात तेथे दिवस जेमतेम नऊ तासांचा असतो आणि अंड्यांसाठी साधारण चौदा तास उजेड लागतो, म्हणून अंडी कमी झाली तर घाबरू नये.

पुढे नव्या कोंबड्या घेताना मोठ्या तुऱ्याची लेगहॉर्न ही जात टाळून कॅनडातल्याच क्वेबेक प्रांतात थंडीसाठीच तयार केलेली, बारीक तुऱ्याची शांतेक्लेर ही जात घ्यावी. हिमदंशाने तुरा पांढुरका पडला, तर तो चोळू नये, शेगडीजवळही नेऊ नये. कोंबडीला थंडी न लागणाऱ्या खोलीत ठेवून पशुवैद्याला दाखवावे.