पाच एचपी डिझेल इंजिनच्या पिस्टनमधल्या खड्ड्याचा सर्वात चांगला आकार कोणता?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही सोलापुरात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहात. लॅबमधल्या एक सिलिंडरच्या ५ एचपी इंजिनच्या पिस्टनवर अर्धगोल खड्डा आहे. तो टोरॉइडल, म्हणजे मधे उंचवटा असलेल्या कड्यासारखा करायचा, त्याने डिझेल कमी लागेल आणि धूरही कमी होईल असा तुमचा अंदाज आहे. कोणता आकार सगळ्यात चांगला, आणि लेथवर तो करून मिळेल का?

अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझं इंजिन बांधणीचं वर्कशॉप आहे, शेजारीच पंप-नोझलची खोली. सव्वीस वर्षं हेच काम करतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

लेथवर करून मिळेल. चांगला टर्नर असला तर अर्ध्या तासाचं काम आहे. पण नुसत्या आकाराने काही होत नाही. खड्डा, आत फिरणारी हवा आणि डिझेल सोडणाऱ्या नोझलचा फवारा या तिघांचं एकमेकांशी जमावं लागतं. तुम्ही फक्त खड्डा बदलणार आणि बाकीचे दोघे आहेत तसेच ठेवणार, तर माझ्या अनुभवाने दहापैकी आठ वेळा धूर वाढेल.

घरी पिठलं होताना पाहिलं असेल. उकळत्या पाण्यात एका हाताने बेसन भुरभुरायचं आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहायचं. ढवळणारा हात थांबला की गुठळ्या झाल्याच. सिलिंडरमध्येही तेच होतं. पिस्टन वर येतो तेव्हा हवा दाबली जाऊन साधारण ५०० ते ६०० अंश सेल्सियसपर्यंत तापते आणि त्या हवेत नोझल डिझेल भुरभुरतं. हवा फिरत नसेल तर फवाऱ्याच्या गाभ्यात गुठळी राहते. ती बाहेरून जळते, आतल्या डिझेलला प्राणवायू मिळत नाही आणि कार्बन तसाच सायलेन्सरमधून बाहेर पडतो. तोच तुमचा काळा धूर.

आणि या सगळ्याला वेळ किती मिळतो? १५०० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला १५०० फेऱ्यांना, क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा दांडा) सेकंदाला ९००० अंश फिरतो. टीडीसीच्या, म्हणजे पिस्टन अगदी वर असतो त्या जागेच्या, सुमारे २३ अंश आधी फवारा सुरू होतो, म्हणजे पिस्टन वर पोहोचायला अडीच मिलिसेकंद उरतात. त्यातला साधारण एक मिलिसेकंद डिझेल पेटतच नाही, नुसतं तापून वाफ होत राहतं. या उशिरात जे साचतं ते एकदम पेटतं, आणि इंजिनचा तो ओळखीचा ठोका ऐकू येतो. पुढचं डिझेल मात्र जसजशी हवा भेटेल तसतसं जळतं. ती हवा त्याच्यापर्यंत नेऊन पोहोचवायची, हे काम खड्ड्याचं.

आता गणित. ८० मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ११० मिमी स्ट्रोकचं (पिस्टनची वर-खाली धाव) ५ एचपी इंजिन घ्या, किर्लोस्करचं एव्ही-१ याच मापाचं आहे. ५५३ सीसी. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे हवा किती पट दाबली जाते तो आकडा, १६.५ असेल तर पिस्टन वर असताना उरणारी एकूण जागा ५५३ भागिले १५.५, म्हणजे ३५.७ सीसी. जेमतेम चहाच्या कटिंगच्या निम्मी जागा. याच बोअरवर पिस्टन आणि हेड (सिलिंडरचं वरचं झाकण) यांमधली फट, म्हणजे बंप क्लिअरन्स, १ मिमी असेल तर त्यातच ५ सीसी गेले. यातली खड्ड्याबाहेरची हवा पिस्टनच्या कडेला चपटी होऊन बसते, तिच्यापर्यंत फवारा पोहोचत नाही. एकूण हवेतली १४ टक्के हवा या एका मिलिमीटरच्या फटीत गेली! म्हणून हेडखालच्या पॅकिंगची जाडी ही क्षुल्लक गोष्ट नाही. बंप कमी असेल तर पिस्टन वर येताना हीच कडेची हवा चेपून खड्ड्यात जोराने ढकलली जाते, त्यालाच स्क्विश म्हणतात. बंप अर्धा मिलिमीटर वाढला तरी ढकलणं मंदावतं, आणि रेशो १५.५ वर येतो तो वेगळाच.

हे मी कागदावर शिकलो नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका ग्राहकाच्या आग्रहावरून पिस्टनचा खड्डा तळाशी २ मिमी खोल करून दिला होता. खड्ड्याचा व्यास ५० मिमी, म्हणजे जवळपास ४ सीसी जागा वाढली आणि रेशो १६.५ वरून १५ वर उतरला. काम एप्रिलमध्ये केलं. सोलापूरचा उन्हाळा, सावलीतसुद्धा चाळीसच्या वर पारा, इंजिन एका हँडलला सुरू व्हायचं. ग्राहक खूश, मीही खूश. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत पहाटे पाणी द्यायला ते शेतावर गेले आणि हँडल मारून मारून हात भरून आले. सायलेन्सरमधून नुसता पांढरा धूर. न जळलेल्या डिझेलची वाफ होती ती. गार हवा, गार लाइनर (सिलिंडरची आतली भिंत), त्यात दाब कमी, मग पेटण्याइतकं तापमान येणार कुठून? मी स्वखर्चाने नवा पिस्टन घालून दिला. तेव्हापासून जागा मोजल्याशिवाय पिस्टन लेथला लावत नाही.

दुसरं उदाहरण फवाऱ्याचं. मोहोळकडचं विहिरीवरचं एक इंजिन आलं. दुसरीकडे नोझल बदलून घेतल्यापासून काळा धूर आणि ऑइलला डिझेलचा वास. नोझल टेस्टरवर लावलं, २०० बारला स्वच्छ फवारा, तीनही भोकं सारखी. पंपाचं टायमिंगही बरोबर. हेड उतरवलं आणि पिस्टन उजेडात धरला. कार्बनचे तीन डाग खड्ड्याच्या भिंतीवर हवे होते, ते खड्ड्याच्या काठावर होते, आणि एकाचा फराटा तर काठ ओलांडून वरच्या सपाट भागावर आलेला. मग हेडमधल्या नोझलच्या भोकात बोट घातलं. तळाशी जुना तांब्याचा वॉशर कार्बनने चिकटून बसला होता आणि त्याच्यावर नवा घातलेला. दोन वॉशर! नोझलचं टोक दीड मिलिमीटर वर राहिलं, त्यामुळे फवारा काठावर आपटत होता. निम्मं डिझेल कडेच्या चपट्या हवेत आणि तिथून लाइनरवरून खाली ऑइलमध्ये. टॅप अलगद फिरवून जुना वॉशर काढला, नवा एकच घातला, धूर गेला. खड्ड्याचा आकार तोच, नोझल तेच, हवा तीच. फक्त दीड मिलिमीटर.

तेव्हा तुमच्या टोरॉइडल खड्ड्याकडे येऊ. त्यात मधे उंचवटा का असतो हे आधी समजून घ्या. सिलिंडरमध्ये फिरणाऱ्या हवेच्या भोवऱ्याच्या मध्यावर हवा मंद असते आणि फवारा तर मध्यापासून बाहेर पळतो, त्यामुळे मधल्या हवेचा उपयोग कमी. तिथे धातू भरला की तेवढी हवा कडेच्या कड्यात जाते, जिथे फवारा पोहोचतोच. कल्पना खरोखर चांगली आहे. पण उंचवट्याने जागा खाल्ली, म्हणून तेवढीच जागा ठेवायची तर खड्डा रुंद किंवा खोल करावा लागतो. रुंद केला तर स्क्विशची कडा अरुंद होते आणि भिंत नोझलपासून लांब जाते. खोल केला तर माथा पातळ होतो. खड्ड्याचा काठ आत वळवला, ज्याला रीएन्ट्रंट म्हणतात, तर हवा जास्त वेळ फिरती राहते. पण तो काठ फार तापतो आणि तिथे तडे जातात. भोवरा वाढवत नेला तरी फायदा वाढतच जातो असं नाही. जास्त झाला तर एका भोकाचा फवारा शेजारच्या भोकाच्या जळालेल्या धुरात ढकलला जातो, आणि भिंतीतून उष्णताही जास्त निघून जाते.

तुमच्या प्रश्नात एक उपप्रश्न होता, जुन्या जीपचा पिस्टन जवळजवळ सपाट का? कारण तिचा खड्डा हेडमध्ये आहे. महिंद्राच्या जीपमधलं प्यूजो एक्सडीपी, अँबॅसडरचं डिझेल, १९९८ च्या पहिल्या इंडिकाचं १४०५ सीसीचं इंजिन, ही सगळी या जातीची. हेडमध्ये गोळ्यासारखी छोटी खोली आणि तिरकं अरुंद तोंड. पिस्टन वर आला की हवा त्या तोंडातून शिरते आणि आपोआप गरगर फिरते. ट्रॅक्स गाडीतल्या ओएम ६१६ इंजिनमध्येही हेडमध्येच खोली आहे, पण तिथे भोवऱ्याऐवजी प्रीचेंबरमध्ये थोडं जळण पेटवून ते लहान भोकांतून बाहेर फेकतात. प्रीचेंबरचं पेटंट बेन्झ कंपनीतल्या प्रॉस्पर लोरांज यांचं, १९०९ चं. भोवऱ्याची कॉमेट नावाची खोली इंग्लंडच्या हॅरी रिकार्डो यांची, १९३१ च्या सुमाराची.

हे का करावं लागलं? वेळ. ४५०० आरपीएमला आपल्या १५०० च्या एक तृतीयांश वेळ मिळतो आणि त्या काळचे पंप फार बारीक फवारा देऊ शकत नव्हते. खोलीच्या तोंडातली हवा मात्र आरपीएम वाढेल तशी आपणहून जास्त जोराने फिरते, म्हणून एका भोकाचं साधं पिंटल नोझल पुरायचं. ठोकाही मऊ. किंमत अशी की अरुंद तोंडातून जाताना उष्णता हेडच्या पाण्यात जाते, म्हणून रेशो २० च्या वर ठेवावा लागतो, गार इंजिन सुरू करायला हीटर प्लग लागतो आणि डिझेल १० ते १५ टक्के जास्त जातं. कॉमन रेल, म्हणजे एका नळीत खूप दाबाने डिझेल भरून ठेवण्याची पद्धत, आल्यावर हा सौदा परवडेनासा झाला. १६०० बारच्या दाबाने पाच-सहा बारीक भोकांतून डिझेल भुरभुरता येऊ लागलं, मग जोराने ढवळायची गरज कमी झाली. आपल्याकडे २००७ मध्ये स्विफ्ट डिझेल आली ती याच जातीची, आणि खोली पुन्हा पिस्टनमध्ये आली. मोठ्या ट्रकच्या इंजिनात तर खड्डा रुंद आणि उथळ, भोवरा बेताचा आणि नोझलला सात-आठ भोकं. बेसन जितकं बारीक आणि जितक्या जागी पडेल, तितकं ढवळणं कमी लागतं. यावरून तुमच्या लक्षात येईल की सर्वात चांगला आकार असा वेगळा काढून सांगता येत नाही. तुमच्याकडे २०० बारचा पंप आणि तीन भोकांचं नोझल आहे, तर त्याला साजेसा खड्डा शोधायचा.

आता प्रोजेक्ट. मूळ पिस्टनला हात लावू नका, एक नवा पिस्टन बदलासाठी घ्या. भंगारातून त्याच मापाचा एक जुना पिस्टन आणून हॅक्सॉने उभा चिरा. खड्ड्याच्या तळाखाली धातू किती उरतो ते डोळ्यांनी दिसेल, आणि किती कापायचं याचा मोह आपोआप आवरेल. मग मूळ खड्ड्याची जागा मोजा. पिस्टनच्या माथ्याला ग्रीस लावून वर भोक पाडलेली ॲक्रिलिकची जाड पट्टी दाबून बसवा आणि ब्युरेटने रॉकेल किंवा पातळ ऑइल सोडा. नवा खड्डा या आकड्याच्या अर्ध्या सीसीच्या आत आला पाहिजे. नाहीतर फरक आकारामुळे पडला की रेशोमुळे, हे तुम्हाला तोंडी परीक्षेत सांगता येणार नाही.

बंप शिशाच्या तारेने मोजा. खड्डा टाळून, गजन पिनच्या (पिस्टनला कनेक्टिंग रॉड जोडणारी पिन) रेषेत दोन्ही बाजूंना तारेचे तुकडे ठेवा. पिनच्या रेषेतच, कारण दुसऱ्या दिशेला पिस्टन कलतो आणि माप खोटं येतं. पॅकिंग घालून हेड पूर्ण टॉर्कने आवळा, हाताने एक फेरा द्या, हेड काढून चपटी झालेली तार मायक्रोमीटरने मोजा. दोन्ही पिस्टनना हे माप सारखं हवं.

फवारा कुठे आपटतो ते काढायला नोझलचं टोक हेडच्या पातळीखाली किती येतं ते मोजा आणि भोकांचा कोन घेऊन कागदावर पूर्ण मापात काटछेद काढा. नोझल टेस्टरवर चालवताना कधीही, अगदी एकदाही, हात किंवा बोट फवाऱ्यासमोर धरू नका. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत घुसतं. बाहेरून टाचणी टोचल्याइतकं दिसतं आणि आत बोट सडतं. असं झालं तर घरगुती उपाय न करता ताबडतोब सर्जनकडे जायचं.

चाचणी घेताना दोन्ही पिस्टन एकाच टायमिंगवर चालवून निकाल लावू नका. नव्या खड्ड्याला टायमिंग वेगळं लागू शकतं. पंपाखालचे शिम (पातळ पत्र्याच्या पट्ट्या) बदलून मागे-पुढे असं तीन ठिकाणी चालवा, प्रत्येक वेळी लोड तोच. करंज तेलाचं बायोडिझेलही वापरायचं असं लिहिलंय, ते या प्रोजेक्टमध्ये नको. ते जाड असतं, फवारा जाडसर होऊन लांब जातो, म्हणजे भिंतीवर आपटण्याचा सगळा हिशेब बदलतो. एका वेळी एकच गोष्ट बदला.

आणि काहीही कापण्याआधी सध्याच्या इंजिनचं हेड उतरवून पिस्टनचा सरळ वरून एक फोटो काढा, पुसण्याआधी. तीन डाग नेमके कुठे पडलेत ते दिसेल असा. तो इथे टाकलात तर नवा खड्डा किती रुंद घ्यायचा, ते मी तो बघून सांगू शकेन.