वाचकांचे प्रश्न : ओपनिंगचा संग्रह जमवताना

प्रश्न : बुद्धिबळाच्या सगळ्या ओपनिंग (डावाच्या सुरुवातीच्या रूढ चाली) नावांसकट एका डिजिटल संग्रहात हव्या आहेत. ओपनिंगच्या विश्वकोशाच्या पाचही खंडांच्या स्कॅन प्रती फिरताना दिसतात. त्या घ्याव्यात का? – एक वाचक, सांगली

उत्तर : नको. एक तर त्या प्रती चोरीच्या. शिवाय स्कॅनमधल्या चाली संगणकाला थेट खेळता येत नाहीत, त्या पुन्हा हाताने टंकत बसावे लागेल. बेलग्रेडच्या ‘शाहोव्स्की इन्फॉर्मेटर’ या प्रकाशनाने त्या खंडांसाठी रूढ केलेले, ओपनिंगची वर्गवारी करणारे ए०० ते ई९९ हे ५०० संकेत तेवढे आपल्या कामाचे, आणि ते आता जवळपास प्रत्येक डेटाबेसमध्ये असतात.

नावांसाठी लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळाचा ओपनिंगचा तक्ता उतरवून घ्या. ए ते ई अशा पाच फाइली आहेत आणि प्रत्येक ओळीत संकेत, नाव व चाली असे तीन रकाने. तीन हजारांहून जास्त नावे आहेत आणि त्यावर कुणाचा हक्क राखलेला नाही. मात्र या नुसत्या पाट्या झाल्या. पाटीच्या पुढे कोण काय खेळते हे कळायला डाव लागतात. ते ‘द वीक इन चेस’ या साप्ताहिकाकडून घ्या. दर आठवड्याला स्पर्धांमधल्या डावांची पीजीएन (डाव मजकुरात लिहिण्याची पद्धत) फाइल तिथे फुकट मिळते. क्लबात खेळणाऱ्याला गेल्या चार-पाच वर्षांचे अंक पुरतात.

लिचेसवर खेळल्या गेलेल्या डावांच्या मासिक फाइलींचा मोह आवरा. त्या दाबलेल्या असतात आणि उलगडल्यावर सुमारे सातपट फुगतात. त्यातच ‘सिड’ या डावांचा डेटाबेस सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या जुन्या, एसआय४ प्रकारच्या डेटाबेसमध्ये सुमारे १ कोटी ६७ लाखांच्या वर डाव मावतच नाहीत. अलीकडच्या एका महिन्याचे डाव त्याहून कितीतरी जास्त असतात.

प्रश्न : पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत डावाच्या चाली तक्त्याशी क्रमाने जुळवून नाव शोधतो. पण बरेच निम्झो-इंडियन डाव ‘इंग्लिश’ म्हणून नोंदले जातात. कुठे चुकते? – एक वाचक, पुणे

उत्तर : चाली जुळवता, तिथेच. १. सी४ घोडा-एफ६ २. घोडा-सी३ ई६ ३. डी४ उंट-बी४ हा डाव इंग्लिशच्या दाराने आला, पण पटावर उभी आहे ती निम्झो-इंडियन, संकेत ई२०. तक्त्यात ती डी४ ने सुरू होते, त्यामुळे चालींची तुलना पहिल्याच चालीला फसते. नाव चालींना नसते, स्थितीला असते.

म्हणून तक्त्यातली प्रत्येक ओळ पटावर शेवटपर्यंत खेळवा आणि शेवटच्या स्थितीला किल्ली करून नाव साठवा. मग डाव घ्या, प्रत्येक अर्ध्या चालीनंतर (म्हणजे एका खेळाडूच्या खेळीनंतर) किल्ली काढून तपासा आणि सर्वांत शेवटी जुळलेले नाव धरा. ‘पहिले जुळले की थांबा’ असे लिहाल तर निम्मा संग्रह ‘किंग्ज पॉन गेम’च्या नावावर जमा होईल.

किल्ली म्हणून अख्खे फेन, म्हणजे स्थिती एका ओळीत लिहिलेली नोंद, वापरू नका. त्यातले शेवटचे दोन आकडे चालींचे मोजमाप आहेत, ते कापा. किल्लेकोटाचे हक्क मात्र राहू द्या. खरी फसगत चौथ्या भागात होते, एन पासांच्या घरात (दोन घरे पुढे आलेल्या प्याद्याला शेजारच्या प्याद्याने जाता-जाता मारणे म्हणजे एन पासां). १. डी४ घोडा-एफ६ २. सी४ असे खेळा, तिथे ‘सी३’ लिहिले जाते. १. सी४ घोडा-एफ६ २. डी४ असे खेळा, तिथे ‘डी३’ येते. पट तोच, किल्ल्या दोन! काळ्याचे एकही प्यादे चौथ्या ओळीवर नाही, म्हणजे एन पासां मुळात शक्यच नाही. तेव्हा तसे मारणे खरोखर शक्य असेल तरच ते घर लिहा, नाहीतर आडवी रेघ. ‘पायथन-चेस’ ही पायथनची तयार लायब्ररी मुळातच असे करते. फेन स्वतः जुळवलेत तर ही काळजी तुमची.

प्रश्न : ‘पीजीएन-एक्स्ट्रॅक्ट’ या साधनाने दुबार डाव काढले, तर काही खरे डावही गेले. – एक वाचक, ठाणे

उत्तर : बर्लिन या ओपनिंगमधल्या ठरलेल्या बरोबऱ्या गेल्या असतील. त्या चालीन् चाल सारख्या असतात, आणि हे साधन खेळाडूंची नावे नव्हे, चाली पाहते. ओपनिंगच्या संग्रहात त्याने फारसे बिघडत नाही. जास्त नुकसान क्रम उलटा केल्याने होते. आधी प्रत्येक डाव २० चालींवर कापला आणि मग दुबार काढले, तर पुढे वेगळे झालेले डावही एकच ठरतात. आधी दुबार काढा, मग कापा. आणि फाइलींत आधीपासून असलेले संकेत पुसून सगळे डाव एकाच तक्त्याने पुन्हा वर्गीकृत करा. सिड आपल्या संकेतांच्या शेवटी अक्षरे जोडते, त्यामुळे मिश्र फाइलीत शोध अर्धाच लागतो.

प्रश्न : पॉलिग्लॉट या प्रोग्रामने केलेले बुक (संगणकासाठी ओपनिंगच्या चालींची फाइल) नायडॉर्फ या ओपनिंगमध्ये लवकर संपते. खोली (किती चालींपर्यंत) २० दिली होती. – एक वाचिका, नागपूर

उत्तर : तिथे अर्ध्या चाली मोजतात. २० म्हणजे दोघांच्या मिळून दहा चाली, आणि ५...ए६ पर्यंत त्यातल्या पाच खर्च झालेल्या असतात. ४० द्या. चाल बुकात यायला निदान तीन डाव लागतात हा मूळचा नियमही पाहा, दोनदाच खेळलेली नवी कल्पना त्यामुळे गळते. विजयाला दोन, बरोबरीला एक अशी वजने असल्याने भरपूर खेळली गेलेली सुमार चालही वर दिसते. बुकातला क्रम पाहून चाल निवडू नका, टक्केवारी डेटाबेसमध्ये पाहा.

प्रश्न : लंडन सिस्टीमचा संकेत कोणता? – एक वाचक, मडगाव

उत्तर : एक नाही. १. डी४ डी५ २. घोडा-एफ३ घोडा-एफ६ ३. उंट-एफ४ हे डी०२ मध्ये, १. डी४ घोडा-एफ६ २. उंट-एफ४ हे ए४५ मध्ये, आणि १. डी४ घोडा-एफ६ २. घोडा-एफ३ जी६ ३. उंट-एफ४ हे ए४८ मध्ये. संकेत ठरले तेव्हा लंडनला कुणी इतका भाव देत नव्हते. सिडमध्ये स्थितीने शोधा: पांढरे प्यादे डी४ वर, उंट एफ४ वर, सी-स्तंभातले प्यादे सी२ किंवा सी३ वर.