हुकमाचा प्रसंग गाळून लिही

प्रिय बेटा,

अनेक आशीर्वाद.

तुझी वनलाइन, म्हणजे कथेचा थोडक्यात आराखडा, आणि पहिल्या ब्रेकपर्यंतचे प्रसंग मी नीट वाचले. गुन्हेगारी मालिकेच्या पंचेचाळीस मिनिटांच्या एका भागासाठी तू बावला खून खटल्याचा, म्हणजे इंदूर दरबार सोडून गेलेल्या एका नर्तिकेला पळवून नेण्याच्या प्रयत्नात १९२५ मध्ये मुंबईत झालेल्या खुनाचा, आधार घेतलास, ही निवड मला फार आवडली. इंदूरच्या मराठी माणसाला ही गोष्ट तुकड्यातुकड्यांनी ठाऊक असते. राजवाड्याच्या परिसरातल्या जुन्या घरांत तिचा एखादा तरी धागा ऐकायला मिळतो आणि सांगणारा आपापल्या निष्ठेप्रमाणे तिला वळण देतो. म्हणूनच कोर्टात काय सिद्ध झाले, साक्षीत काय सांगितले गेले आणि लोकांनी मागाहून काय जोडले, हे लिहिणाऱ्याने आधी वेगवेगळे करून घेतले पाहिजे. तुझ्या खर्ड्यात हे तिन्ही एकमेकांत मिसळले आहे, आणि सर्वांत जास्त मिसळले आहे ते दुसऱ्या प्रसंगात.

त्या प्रसंगात इंदूरच्या लालबाग राजवाड्याच्या दिवाणखान्यात महाराज खिडकीकडे तोंड करून उभे आहेत, मागे एक सरदार मान खाली घालून थांबला आहे, आणि महाराज न वळताच म्हणतात, "ती परत आली पाहिजे, कशीही." प्रसंग चांगला उतरला आहे. चॅनेलच्या क्रिएटिव्ह मंडळींना तो लगेच आवडेल आणि टीझरमध्येही तोच जाईल. तरीही तो काढून टाक, असे मी तुला आग्रहाने सांगतो, कारण असा हुकूम दिला गेला हे कोणत्याही न्यायालयात सिद्ध झालेले नाही.

प्रत्यक्षात काय घडले ते पुन्हा एकदा ओळीने डोळ्यांसमोर आण. १२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या तरुण, धनाढ्य व्यापाऱ्याची मोटार दुसऱ्या मोटारीतून आलेल्या लोकांनी अडवली. त्याच्याबरोबर इंदूर दरबारातून निसटलेली नर्तिका मुमताज बेगम होती. तिला ओढून नेण्याचा प्रयत्न झाला, बावलाला गोळ्या घातल्या गेल्या आणि मुमताजच्या चेहऱ्यावर वार झाले. विलिंग्डन क्लबातून गोल्फ खेळून परतणारे काही ब्रिटिश लष्करी अधिकारी नेमके तिथे पोहोचले, त्यांनी झटापट केली आणि ती पळवून नेली जाण्यापासून वाचली. तपास इंदूरपर्यंत आला, कारण आरोपींपैकी बहुतेक जण होळकर दरबाराच्या चाकरीतले होते. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती क्रंप यांच्यासमोर खटला चालला आणि तिघांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. निकाल देताना न्यायमूर्तींनी म्हटले त्याचा आशय असा, की हल्लेखोरांच्या मागे अशी माणसे होती ज्यांच्याकडे न्यायालय नेमके बोट दाखवू शकत नाही. पण जी स्त्री दहा वर्षे इंदूरच्या महाराजांकडे होती तिला पळवण्याचा प्रयत्न झाला असता हल्ल्याचा उगम इंदुरात असावा, असे मानणे मुळीच गैर नाही. पुढे इंग्रज सरकारने महाराज तुकोजीराव होळकर तिसरे यांच्यापुढे चौकशी आयोग किंवा गादीत्याग असे दोन पर्याय ठेवले. फेब्रुवारी १९२६ मध्ये महाराजांनी गादी सोडली, युवराज यशवंतराव गादीवर आले आणि आयोग कधी बसलाच नाही.

आता तूच पाहा. न्यायाधीश ज्या उंबरठ्यापर्यंत येऊन थांबले, तो तू दुसऱ्याच प्रसंगात एका वाक्याने ओलांडला आहेस. यात महाराजांवर अन्याय होतो की नाही, हा एक प्रश्न झाला. मला त्याहून मोठी हानी दिसते ती तुझ्या कथेची, कारण हुकूम कोणी दिला हे प्रेक्षकाला दहाव्या मिनिटाला कळले की उरलेल्या पस्तीस मिनिटांत त्याला कुतूहल वाटावे असे काही राहत नाही. पोलीस धावपळ करतात, साक्षीदार बोलतात, वकील भांडतात, आणि प्रेक्षक मात्र उत्तर ठाऊक असल्यामुळे मोबाइल हातात घेतो. या खटल्याचे खरे नाट्य असे आहे, की पिस्तूल धरणारे हात सापडतात, त्यांना शिक्षाही होते, पण त्या हातांना बळ देणाऱ्याचे नाव कागदावर कधीच येत नाही. ती जागा मोकळी ठेव. तुझ्या तपास अधिकाऱ्याला प्रत्येक ब्रेकच्या आधी त्या मोकळ्या जागेच्या एक पाऊल जवळ ने आणि तिथेच थांबव. संस्थानी चाकरीतली इतकी माणसे एकाच वेळी मुंबईत कशी आली, त्यांना रजा कोणी दिली, मोटारीचा आणि मुक्कामाचा खर्च कुठून झाला, असे प्रश्न त्याने विचारावेत आणि उत्तर देणाऱ्या प्रत्येकाने आपल्या वरच्याकडे बोट दाखवावे. शेवटच्या प्रसंगात गादीत्यागाचा कागद दाखवायचा असेल तर जरूर दाखव, पण त्यावर कोणाचा कबुलीजबाब चिकटवू नकोस.

दुसरी गोष्ट मला याहूनही जिव्हाळ्याची आहे. तुझ्या मुमताजला पहिल्या ब्रेकपर्यंत तीन वेळा नाचवले आहेस आणि एकदाही बोलू दिलेले नाहीस. चेहऱ्यावर वार होतो तो क्षण तू क्लोज-अपमध्ये, संथ गतीने लिहिला आहेस. हे मला फार खटकले. प्रसिद्ध माणसांच्या खुनाच्या गोष्टी सांगताना लेखक जणू ठरल्याप्रमाणे दोन गोष्टी करतो: मोठ्या नावाभोवती दिवे लावतो आणि जिला सोसावे लागले तिला सजावटीला बसवतो. या प्रकरणात तर सर्वांत धीट माणूस तीच आहे. ती गायन-नर्तनाच्या घराण्यातली, कोवळ्या वयातच इंदूर दरबारात आलेली. आपल्यावर सतत पाळत असे, भेटायला येणाऱ्यांसमवेतही कोणीतरी बसलेले असे, हे तिने स्वतः मुंबईच्या न्यायालयात सांगितले. आपल्याला झालेली मुलगी जगू दिली गेली नाही आणि त्यानंतर इंदुरात राहण्याची आपली इच्छा उरली नाही, हेही तिने सांगितले. १९२४ मध्ये तिला मसुरीला नेत असताना दिल्ली स्थानकावर तिने पुढे जाण्यास साफ नकार दिला आणि ती त्या पहाऱ्यातून निसटली. मलबार हिलच्या आधीचा हाच तुझ्या भागाचा सर्वांत ताकदीचा प्रसंग आहे. फलाटावर भर गर्दीत, सोबत पहारेकरी असताना, एक विशीतली स्त्री जागची हलत नाही आणि जमलेल्या लोकांसमोर मोठ्याने सांगते की मला यायचे नाही. त्यात संगीत लागणार नाही, नाच तर नाहीच.

मुलीच्या मृत्यूबद्दल मात्र तुला पुन्हा तेच पथ्य पाळावे लागेल. ते तिच्या साक्षीतले विधान आहे, म्हणून ते साक्षीदाराच्या पिंजऱ्यात तिच्याच तोंडून येऊ दे. दाईचा हात, पाळणा, विझलेला दिवा, अशा पूर्वदृश्यांत ते दाखवलेस की ते लेखकाचे विधान होते, आणि त्याला आधार देणे तुला किंवा मला जमणारे नाही. उलट, जखमांचे व्रण असलेल्या चेहऱ्याने ती भर कोर्टात उभी राहून हे सांगते आणि समोरचा वकील तिला एकेका शब्दावर अडवतो, यात अभिनेत्रीला करण्यासारखे कितीतरी आहे. वार होताना दाखवायचा मोह झाला तर कॅमेरा मोटारीच्या बाहेर ठेव. नंतरचा चेहरा आपण कोर्टात पाहणारच आहोत.

बावलाला एक तरी प्रसंग असा दे की ज्यात मुमताज नाही. ज्याच्या नावाने खटला ओळखला जातो, तो तुझ्या खर्ड्यात केवळ गोळी लागण्यासाठी येतो.

गोल्फवाल्या अधिकाऱ्यांबद्दल तू विचारले आहेस, की प्रेक्षकाला हा योगायोग पटेल का. लेफ्टनंट सेगर्ट यांनी हातातल्या गोल्फच्या काठीने हल्लेखोरांना झोडपले, स्वतः जखमी झाले, आणि हे सगळे खरे असूनही पडद्यावर रचलेले वाटते, ही तुझी शंका रास्त आहे. योगायोग शेवटी आला तर तो लेखकाची पळवाट वाटतो. सुरुवातीला आला तर लोक तो घडलेली गोष्ट म्हणून स्वीकारतात. म्हणून भागाची सुरुवातच मलबार हिलवर कर. चढणीचा रस्ता, अडवलेली मोटार, धावत येणारा अधिकारी, त्याच्या हातात शस्त्र म्हणून काय आहे ते एकदाच नीट दिसू दे, आणि मग इंदूरकडे वळ. असे केलेस की दिवाणखान्याच्या प्रसंगाची गरज तुला स्वतःलाच वाटणार नाही.

नावे बदलण्याचा तुझा निर्णय मला मान्य आहे, पण तेवढ्याने जबाबदारी संपते असे समजू नकोस. याच घटनेच्या छायेत १९२५ मध्येच कोहिनूर कंपनीने होमी मास्टर यांच्या दिग्दर्शनाखाली 'कुलीन कांता' हा मूकपट काढला होता. अशा बोलपटपूर्व काळातही नाव बदलून गोष्ट ओळखू येण्याची सोय ठेवण्याची कला लोकांना अवगत होती. तुझ्या भागातले संस्थान माळव्यात असेल, महाराज मराठी असतील आणि नर्तिका पळून मुंबईला गेली असेल, तर पहिल्या पाटीवरचे 'सर्व पात्रे काल्पनिक' हे वाक्य कोणी मनावर घेणार नाही. कायद्याच्या अंगाने पाहिले तर न्यायालयीन नोंदींत आलेला मजकूर वापरण्यास परवानगी लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये ऑटो शंकर या गुन्हेगाराच्या आत्मचरित्राच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. मात्र मृत व्यक्तीवरचा आरोपही, तिच्या कुटुंबीयांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केला असेल, तर बदनामी ठरू शकतो, असे भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमात म्हटले आहे. चॅनेलचा विधी विभाग हे पाहीलच. तू त्याच्याही आधी इथल्या माणसांचा विचार कर. आरोपींत आपल्यासारख्याच आडनावांची मराठी माणसे होती, आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांचा यात काहीही दोष नाही. पात्रांना बदललेली आडनावे देताना इंदुरात सर्रास आढळणारी घेऊ नकोस.

बॅरिस्टर जिनांनाही वगळ. त्यांनी या खटल्यात आनंदराव फणसे यांचा बचाव केला आणि त्यांना फाशीपासून वाचवले हे खरे आहे, आणि त्या नावावर जाहिरात होईल हेही खरे आहे. पण सगळी नावे काल्पनिक असताना एकच खरे नाव पडद्यावर आले, तर प्रेक्षक तिथून पुढे प्रत्येक पात्राचे खरे नाव शोधत बसेल, आणि बचाव पक्षाच्या वकिलाचे काम बाजूला पडून पुढचा सगळा इतिहास त्याच्या खुर्चीत येऊन बसेल.

स्थळांबद्दल थोडेसे. तुझ्या तिसऱ्या प्रसंगात माणिकबाग आहे. तो राजवाडा यशवंतरावांनी गादीवर आल्यानंतर, १९३० च्या सुमारास बांधवून घेतला, आणि आता तिथे केंद्रीय कर खात्याचे कार्यालय आहे. १९२४ च्या कथेत तो येऊच शकत नाही. लालबाग संग्रहालय म्हणून खुली आहे. एकदा जाऊन तिथल्या दरबार दालनाचा प्रकाश आणि जिन्याची रुंदी पाहून ये, म्हणजे पात्रांना कुठून कुठे चालवायचे ते कळेल. सरदार घराण्यातली पात्रे आपसांत मराठीत बोलू देत, आणि मुमताजशी बोलताना हिंदुस्तानीत. आज मालिकांत चालते तसली नाटकी खडी हिंदी त्यांच्या तोंडी शोभत नाही.

भाग प्रसारित झाला की इंदुरातून दोन प्रकारची माणसे तुझ्यावर रागावतील. काही म्हणतील, होळकरांच्या घराण्याची जुनी गोष्ट उकरलीस. काही म्हणतील, महाराजांना वाचवलेस. दोघांनाही उत्तर देता यावे म्हणून प्रत्येक प्रसंगाच्या समासात त्याचा आधार लिहून ठेव: निकाल, साक्ष की वर्तमानपत्र. ज्या प्रसंगाचा समास रिकामा राहील, तो माझ्याकडे पाठवण्याआधीच गाळ. उरलेला खर्डा महिनाअखेरपर्यंत पाठवलास तर मी दिवाळीपूर्वी वाचून परत करीन, आणि दिल्ली स्थानकाचा प्रसंग तेवढा आधी, वेगळा पाठव.

तुझा शुभचिंतक