लेक कोणाच्या रिटर्नवर?

प्रश्न : मी न्यू जर्सीत, एडिसनला राहते. गेल्या एप्रिलच्या मध्यावर नवरा वेगळ्या अपार्टमेंटमध्ये राहायला गेला. घटस्फोटाचा निकाल अजून लागायचाय. लेक नऊ वर्षांची. दर शुक्रवारी-शनिवारी रात्री ती बाबांकडे, बाकी माझ्याकडे. उन्हाळ्यात सहा आठवडे नाशिकला माझ्या सासरी होती. परवा २०२५चं रिटर्न ई-फाइल केलं तर परत आलं. तिचा सोशल सिक्युरिटी नंबर आधीच वापरला गेलाय म्हणे. नवरा म्हणतो, "खर्च मी देतो, नाशकात ती माझ्याच घरी होती, आणि एक वर्ष तू, एक वर्ष मी हे ठरलंच होतं." लेकीला रिटर्नवर दाखवण्याचा हक्क कोणाचा?
– एक आई, एडिसन

उत्तर : ताई, दर मार्चमध्ये माझ्या टेबलावर अशी एक तरी फाइल येतेच. आणि दर वेळी दोघंही पावत्यांचा गठ्ठा घेऊन येतात. पावत्या राहू द्या, कॅलेंडर काढा. पैसे कोणी दिले यावर आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं करखातं, हे ठरवत नाही. मूल कोणाकडे जास्त रात्री झोपलं, ते बघते.

वर्षाच्या मधेच वेगळे झालात, तर वेगळे झाल्यापासूनच्या रात्री मोजायच्या. १५ एप्रिल धरला तर ३१ डिसेंबरपर्यंत २६१ रात्री होतात. आठवड्याला दोन या हिशेबाने नवऱ्याच्या साधारण ७४, तुमच्या १८७. नाशिकची गंमत ऐका. मूल दोघांपैकी कुणाकडेच नसेल, तर ती रात्र एरवी ज्याच्याकडे गेली असती त्याची. म्हणजे त्या ४२ रात्रींतल्या ३० तुमच्या, १२ त्यांच्या. घर सासूबाईंचं आहे, म्हणून रात्री लेकाच्या खात्यात जात नाहीत! (माहेरी पाठवली असती, तरी हिशेब हाच.)

तेव्हा चाइल्ड टॅक्स क्रेडिट, म्हणजे मुलामागे करात मिळणारी सूट, २०२५साठी २,२०० डॉलरपर्यंत, तुमचं. शिवाय वर्षाचे शेवटचे सहा महिने नवरा तुमच्या घरी राहिला नाही. घरखर्चाचा निम्म्याहून जास्त भार तुम्ही उचलला असेल, तर निकाल लागला नसला तरी हेड ऑफ हाउसहोल्ड (घर चालवणारी कुटुंबप्रमुख) म्हणून रिटर्न भरता येईल. तुम्हाला स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातून मिळणारी सरसकट वजावट) २३,६२५ डॉलर, वेगळं रिटर्न भरणाऱ्या नवऱ्याला १५,७५०. हा फरक बायका विसरतात, आणि २,२००वर भांडत बसतात.

"ठरलं होतं" याला आयआरएसकडे किंमत नाही. मुलाच्या क्रेडिटचा हक्क दुसऱ्या पालकाला देणाऱ्या फॉर्म ८३३२वर तुम्ही सही केली आणि त्यांनी तो रिटर्नला जोडला, तरच क्रेडिट त्यांना मिळतं. उद्या कोर्टाच्या निकालात आळीपाळीचं कलम आलं, तरी त्यांना फॉर्म लागेलच. मात्र तेव्हा सही टाळलीत तर कोर्ट तुम्हालाच जाब विचारेल. सही करायची वेळ आलीच, तर फक्त त्या एका वर्षापुरता असलेला पहिला भाग भरा. दुसरा भाग पुढच्या वर्षांसाठी असतो. घाईत त्यावर सही करून वर्षभराने रडत आलेल्या दोघीजणी मी पाहिल्यात. सही दिली तरी हेड ऑफ हाउसहोल्ड आणि पाळणाघराच्या खर्चाचं क्रेडिट तुमच्याकडेच राहतं.

आता परत आलेल्या रिटर्नचं. मुलीचं नाव काढून भरू नका. आयआरएसच्या वेबसाइटवरून स्वतःचा आयडेंटिटी प्रोटेक्शन पिन (तुमची ओळख पटवणारा गुप्त क्रमांक) काढा आणि तो घालून पुन्हा ई-फाइल करा. पिन असेल तर आता असं रिटर्न स्वीकारतात. नाहीतर छापून १५ एप्रिलच्या आत पोस्टाने पाठवा. पुढे कधीतरी दोघांनाही पत्र येईल. तेव्हासाठी शाळेकडून मुलीच्या पत्त्याचं पत्र आणि डॉक्टरांकडची नोंद आत्ताच मागून ठेवा. नवऱ्याला सांगून बघा, १०४०-एक्स हा दुरुस्तीचा फॉर्म भरून ते स्वतःच दुरुस्ती करू शकतात. चूक लवकर सुधारली, तर व्याजही कमी पडेल.