भाकस ‘चपटा’ की ‘कुशीवरचा’?

धरमपेठेतल्या एका शिक्षिका ताईंचा प्रश्न आहे. शाळेच्या भित्तिपत्रकासाठी त्या भाकस या समुद्री माशावर मजकूर लिहीत आहेत आणि एका वाक्यापाशी अडल्या आहेत : ‘हा चपटा मासा पोटावर पडून राहतो आणि त्याचा एक डोळा दुसऱ्या बाजूला फिरतो.’ यातला ‘चपटा’ चालेल का? आणि काहींचे डोळे डावीकडे, काहींचे उजवीकडे असतात, त्यांना मराठीत काय म्हणायचं?

ताई, तुमचं अडणं रास्त आहे. त्या एका वाक्यात तीन शब्द वाचणाऱ्याला चुकीचं चित्र दाखवतात.

आपल्या नागपुरात मासोळी म्हटली की रोहू, कतला, नाहीतर मरळ. भोईपुऱ्याच्या बाजारात बर्फातून आलेला पापलेट दिसतो, तोही चपटाच. मग मुलं विचारणारच, की पापलेट आणि भाकस एकाच जातीचे का? मुळीच नाहीत. पापलेट चपटा असला तरी पाण्यात उभा पोहतो, पाठ वर, पोट खाली, दोन बाजूंना दोन डोळे. पाकट घ्या. तीही चपटी, पण वरून दाबल्यासारखी. ती वाळूवर खरोखर पालथी असते. तिचं तोंड आणि कल्ल्यांच्या फटी खालच्या बाजूला, म्हणजे पोटाकडेच असतात. भाकस या दोघांहून निराळा. तो पालथा नसतो, उताणाही नसतो. तो कुशीवर निजलेला असतो. तळाला टेकलेली ती पांढुरकी बाजू म्हणजे त्याचं पोट नव्हे, ती त्याची एक कूस. वरची तपकिरी किंवा करडी, ती दुसरी कूस. ‘पोटावर पडून राहतो’ लिहिलं की या माशाची सगळी नवलाई पुसली जाते.

उताणा, पालथा आणि कुशीवर, निजण्याच्या या तीन तऱ्हा मराठीतलं पाळण्यातलं पोरसुद्धा करून दाखवतं. इतके नेमके शब्द हाताशी असताना ‘चपटा’ या एका शब्दावर सगळं का लोटायचं? शास्त्रज्ञांनीही हेच पाहिलं होतं. भाकस आणि त्याच्यासारखे कुशीवर निजणारे मासे ज्या गटात येतात, त्याचं शास्त्रीय नाव ‘प्लुरोनेक्टिफॉर्मीस’. त्याच्या मुळाशी ग्रीक ‘प्लुरा’ म्हणजे बरगडी, कूस, आणि ‘नेक्टीस’ म्हणजे पोहणारा. कुशीने पोहणारा! संस्कृत ‘कुक्षि’वरून आलेली आपली ‘कूस’ इथे अगदी चपखल बसते. म्हणून माझी सूचना ‘कुशीवरचे मासे’ अशी आहे. ‘चपटा’ वर्णनापुरता राहू द्या, गटाचं नाव म्हणून नको.

आता डोळा. अंड्यातून निघालेलं पिल्लू चारचौघांसारखंच असतं, उभं पोहणारं, दोन बाजूंना दोन डोळे. वाढता वाढता एक डोळा डोक्याच्या माथ्यावरून पलीकडे जातो आणि पिल्लू कलंडून तळाला टेकतं. ‘डोळा फिरतो’ असं मात्र लिहू नका. मराठीत डोळे फिरतात ते घेरी आल्यावर किंवा पैसा आल्यावर. ‘स्थलांतर करतो’ हे तर सरकारी परिपत्रकातलं वाटतं. ‘डोळा सरकतो’, एवढंच पुरे.

भाकसाच्या बाबतीत हे ‘सरकणं’ जास्तच खरं आहे, कारण त्याचा डोळा पुरता पलीकडे पोचतच नाही, माथ्याच्या कडेवर थांबतो. इतर कुशीवरच्या माशांत पाठीचा पर डोक्यावर पुढपर्यंत आलेला असतो. भाकसाचा मात्र डोळ्यांच्या बराच मागून सुरू होतो, आणि पुढच्या भागात काटे असतात. त्यामुळेच आज जिवंत असलेल्या या साऱ्या गटात त्याचं घराणं सर्वांत जुन्या वळणाचं मानतात. अर्धवट सरकलेल्या डोळ्याचा काय उपयोग, असा आक्षेप १८७१ साली मिव्हार्ट या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञांनी डार्विनच्या उत्क्रांतीच्या सिद्धांतावर घेतला होता. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीच्या, तसाच अर्धवट सरकलेला डोळा असलेल्या माशांच्या जीवाश्मांची ओळख २००८ साली पटली. भित्तिपत्रकावर जागा असेल तर हे जरूर घाला.

डाव्या-उजव्याचा घोळ मात्र खरा आहे, तिथे जपून. डोळे डाव्या अंगाला असले तर मासा निजतो उजव्या कुशीवर. म्हणून ‘डाव्या कुशीचा मासा’ म्हटलं की एक जण डोळे धरील, दुसरा निजणं धरील. ‘डावखुरा’ही नको, तो हातापायांचा शब्द. ‘डाव्या अंगाला डोळे असलेला’ हे लांबलं तरी त्यात फसगत नाही. कोकणातल्या बाजारात लेप, लेपा, लेपटी म्हणतात ते जिभेसारखे लांबट मासे ‘सायनोग्लॉसस’ गटातले. त्यांचे डोळे नेहमी डाव्या अंगालाच. भाकसांत दोन्ही तऱ्हा जवळपास सारख्याच सापडतात. तेव्हा त्याला एक बाजू चिकटवूच नका.

नावाविषयी थोडं. भाकस आणि भाकर यांचं नातं जोडायचा मोह होतो, आकारही साथ देतो. पण नुसत्या नादावरून व्युत्पत्ती ठरवू नये, असं माझं ठाम मत आहे. त्याच्या शास्त्रीय नावात मात्र खरी गंमत आहे : ‘सेटोडिस एरुमेई’, १८०१ सालचं. तमिळमध्ये ‘एरुमै’ म्हणजे म्हैस, आणि तिकडे या माशाला ‘एरुमै नाक्कु’, म्हशीची जीभ, म्हणतात. लेपाच्या ‘सायनोग्लॉसस’चा अर्थ कुत्र्याची जीभ. दोन वेगळ्या मुलखांतल्या माणसांना जीभच आठवली. ‘लेप’ ऐकताना मला तळाला सारवल्यासारखा बसलेला मासा दिसतो, आणि जिभेपेक्षा ते चित्र मला जास्त आवडतं.

राहण्याची माहिती थोडक्यात द्या. तांबडा समुद्र आणि पूर्व आफ्रिकेपासून जपान-ऑस्ट्रेलियापर्यंतचं उष्ण पाणी, वाळूचा किंवा चिखलाचा तळ, साधारण १०० मीटरपर्यंत खोली. लांबी ६० सेंटिमीटरच्या पुढेही जाते. तोंड मोठं, दात दणकट, कारण तो इतर मासे धरून खातो.

तुमचं वाक्य मी असं लिहीन : ‘भाकस समुद्राच्या तळाशी कुशीवर निजतो, लहानपणी त्याचा एक डोळा सरकत माथ्याच्या कडेपर्यंत येतो, आणि मग दोन्ही डोळ्यांनी तो वर पाहू शकतो.’ त्याखाली चित्र काढाल तेव्हा तोंड किंचित तिरकं आणि एक डोळा अगदी माथ्यावर काढा.