हतनूर-पालला पक्षी बघायला येताय? आधी गाडी कुठे लावायची ते ठरवा

पुण्याहून दोन गाड्या, आठ जण, डिसेंबरात जळगाव जिल्ह्यातलं हतनूर धरण आणि तिथून जंगलाकडचं पाल गाव. कोणते पक्षी कुठे दिसतील, हा तुमचा प्रश्न. थोडक्यात सांगायचं तर बॅकवॉटरला चक्रवाक, थापट्या, तलवार बदक वगैरे हिवाळी पाहुणे आणि पालच्या बाजूला सातपुड्यातले रानपक्षी. पण मला काळजी वेगळीच वाटते.

सावदा-फैजपूरवरून जाणारा बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता म्हणजे केळीच्या ट्रकांचा रस्ता. भरलेला ट्रक तुमच्यासाठी करकचून ब्रेक मारू शकत नाही. तारेवर नीलकंठ दिसला की पुढची गाडी थांबते आणि मागची गाडी तिच्यावर जाते, हे नेहमीचं. म्हणून जो चालवतो त्याने पक्षी बघायचा नाही. बाकीच्यांनी ओरडायचं नाही. पुढे मोकळी जागा पाहून, इंडिकेटर देऊन, गाडी पूर्ण डांबरावरून खाली घ्यायची आणि चालत मागे यायचं. नीलकंठ बहुतेक वेळा तिथेच असतो. पुलावर आणि वळणावर तर अजिबात थांबायचं नाही. उतरताना डावीकडचंच दार उघडा. पहाटे नदीकाठी आणि केळीबागांत धुकं असतं, तेव्हा लाइट लावूनच चालवा.

रस्ता सोडून गाडी लावताना सगळे एक चूक करतात: शेतरस्त्याच्या तोंडाशी उभी करतात. जागा रिकामी दिसते खरी, पण सकाळी तिथूनच बैलगाडी, ट्रॅक्टर-ट्रॉली आणि कापूस वेचणाऱ्या बायांनी भरलेली ॲपे रिक्षा आत जाते. तुम्ही दोनशे मीटरवर दुर्बीण लावून बसलेले आणि मजुरांची रोजी खोळंबलेली. मग शिव्या खायच्याच. गाडीपाशी एक जण थांबवा, नाहीतर देवळापाशी, पारापाशी विचारून लावा.

कोणी थांबून ‘काय पाहून राह्यले भाऊ?’ विचारलं तर त्यात संशय कमी आणि कुतूहल जास्त असतं. राम राम करा, दुर्बीण त्याच्या हातात द्या. पाणी कोणत्या बाजूला उथळ आहे, पक्षी सकाळी कुठे बसतात, हे कोळी बांधवांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर मात्र लेन्स जरा जपून. घाटावर बाया धुणं धुतात, भाविक स्नान करतात. पक्षी तिकडे असला तरी कॅमेरा खाली. धरणाच्या भिंतीवर आणि दरवाज्यांपाशी फोटो काढण्याआधी तिथल्या पहारेकऱ्याला विचारा.

शेतात पाय ठेवण्याआधी मालकाला हाक मारा. रानडुकरांसाठी बांधावर झटका मशीनची, म्हणजे विजेचा झटका देणारी तार असते, ती पहाटेच्या अंधारात दिसत नाही. ठिबकच्या नळ्या तुडवू नका. रस्त्यावर दाणे वाळत घातलेले दिसले तर कडेने, हळू जा.

पालच्या जंगलात रानपिंगळ्याची, म्हणजे त्या दुर्मिळ छोट्या घुबडाची, हाव धरू नका. हा पक्षी नामशेष झाला असं समजत होते, तो १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला. मोबाइलवर आवाज लावून त्याला बोलवायचं नाही, आमच्या सोबत येणाऱ्यांसाठी एवढी एकच अट पक्की आहे.

पालहून अंधार पडायच्या आत निघा. उसाच्या ट्रॉल्यांना मागचा लाल दिवा असेलच असं नाही.