चहावर ठरलेलं त्याला कळणार कसं?

प्रश्न: मी चाकणला शिफ्ट सुपरवायझर आहे. लाईनवर आम्ही सात मराठी आणि एक मुलगा तमिळनाडूचा, हिंदी जेमतेम. मागच्या महिन्यात जिगची (पार्ट जागेवर धरून ठेवणाऱ्या साच्याची) पिन झिजली आणि बरेच पार्ट रिजेक्ट झाले, नंतर कळलं की त्याला ते दोन दिवस आधीच दिसलेलं पण बोललाच नाही. मी रोज विचारतो "समझा ना?", तो मान हलवतो. पोरं म्हणतात याच्यावर भरवसा नाही. काय करू?
– एक वाचक, चाकण

उत्तर: दादा, आधी हे बघा की कोण कुठल्या मशीनवर, काय बदलायचं, हे तुमच्यात ठरतं कुठे. चहाच्या टपरीवर मराठीत ठरत असेल आणि त्याच्यापर्यंत उडत उडत पोचत असेल तर भरवसा आधी त्याचा उडालाय. गप्पा मराठीत खुशाल मारा हो, पण कामाचं मात्र सगळ्यांसमोर आणि त्याला कळेल असं बोला.

"समझा ना"ला नाही म्हणणारा माणूस मी अजून पाहिला नाही. त्यापेक्षा मशीनपाशी नेऊन म्हणा, "दिखाओ, क्या चेक करोगे?" त्याने पिनवर बोट ठेवलं की तुम्हालाच कळेल काय समजलंय ते.

पण सगळं भाषेवर ढकलू नका. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या धावपट्टीवर दोन जंबो विमानं धडकली, ५८३ माणसं गेली. त्यातलं केएलएम या डच कंपनीचं विमान धावायला लागलेलं असताना फ्लाइट इंजिनियरने विचारलं होतं, ते दुसरं विमान बाजूला झालं नाही का, कॅप्टन ठामपणे म्हणाला झालंय, आणि पुन्हा कुणी विचारलं नाही. हे बोलणं तर डचमध्येच, त्यांच्या स्वतःच्या भाषेत झालं! कॅप्टन कंपनीतला नावाजलेला ट्रेनर, त्याच्यापुढे परत कोण बोलणार. तुमच्या पोराला तर भाषाही परकी आणि साहेबही समोर.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये ऑपरेशनसाठी चेकलिस्ट काढली, त्यात चिरा देण्याआधी सगळ्यांनी नाव आणि काम मोठ्याने सांगायचं असतं, कारण एकदा तोंड उघडलेला माणूस पुढे अडलं तर बोलतो. तुम्हीही शिफ्ट सुरू होताना प्रत्येकाला एक वाक्य बोलायला लावा, मोडकंतोडकं चालेल, आणि त्याने पहिल्यांदा शंका काढली की लाईन थांबवून बघा, शंका चुकीची निघाली तरी रागावू नका. आणि "थांबव"ला तमिळमध्ये "निरुत्तु" म्हणतात, तेवढं सातही जणांनी पाठ करा, घाईत त्याच्या तोंडून तेच येणार आहे.